एकेचाळीस फाइलींपैकी नऊ

२ मार्च

चि. शेपटीस,

मी माझ्या हातांनी केलेल्या गोष्टी अशा. सोळाव्या वर्षी रेडिओ. तीन स्टेशनं लागायची, त्यातलं एक आपोआप. घराची सगळी वायरिंग, स्वयंपाकघराची दोनदा, कारण पहिल्या वेळी दिव्याचं बटण तुझ्या आईला दाराच्या चुकीच्या बाजूला वाटलं. दुकानातलं टेबल, चार फूट दहा इंच बाय दोन फूट, एकही खिळा नाही. बॅटऱ्या चार्ज करायचे अठरा डबे, पैकी सतरा अजून चालतात; अठरावा पाण्यात पडला, त्यात माझा दोष नाही. तुझी पहिली सायकल, तीन मोडक्या सायकलींतून. ट्रकचे वजनकाटे किती दुरुस्त केले ते धरत नाही, ती दुरुस्ती झाली, वस्तू नव्हे. आणि काट्यावरच्या ट्रकचं वजन वाचून पावती छापणारा प्रोग्राम, जो आज चौदा काट्यांवर चालतो. त्यासाठी मी कुठल्या वर्गाला गेलो नाही की कुणाच्या हाताखाली राहिलो नाही. एक जुनं पुस्तक होतं, त्याची पहिली बावीस पानं गेलेली होती. तेविसाव्या पानापासून शिकलो.

हे आधी लिहिलं कारण तू आईकरवी जे मागितलं आहेस ते यातल्या शेवटच्या वस्तूबद्दल आहे. आईने फोन ठेवल्यावर सांगितलं ते मी असं समजलो: तू ज्या कंपनीत दोन वर्षं तक्रारींचे फोन घेतेस, तिथे प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या टीममध्ये एक जागा निघाली आहे. तुझ्याकडे कॉम्प्युटरची पदवी नाही. म्हणून तुझ्या मॅनेजर बाई म्हणाल्या, तू काय बनवलंस ते ज्याच्याकडे बनवलंस त्याच्याकडून सहीनिशी लिहून आण, एकतीस मार्चच्या आत. समजण्यात चूक असेल तर कळव. फोन तू माझा उचलत नाहीस, म्हणून टपाल. पोस्टातल्या बाई म्हणाल्या चार दिवस लागतात, कधी पाच. मी पाच धरतो.

दाखला मी त्याच संध्याकाळी लिहिला. "सदर प्रोग्राममध्ये एकूण एकेचाळीस फाइली असून पैकी नऊ माझ्या मुलीने केल्या आहेत. उरलेल्या बत्तीस माझ्या." आईने वाचला.

"हा दाखला आहे की पंचनामा?"

"खरं आहे ते लिहिलं."

"खरं तुम्ही दोन वर्षांपूर्वीही बोलला होतात. पोरीची नोकरी हातातोंडाशी येऊन गेली." आणि कागदाची चौघडी करून तिने स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या पायाखाली सारली. ते टेबल विकतचं आहे, म्हणून डगमगतं.

तर त्या गोष्टीबद्दल एकदाच लिहून टाकतो. त्या वेळी ती दुसरी कंपनी तुला घेणारच होती. घेण्याआधी तू सांगितलेल्या कामाची खात्री करायला त्यांचा मला फोन आला. मी खरं ते सांगितलं. एकेचाळीस, नऊ. पुढचा निर्णय त्यांचा. मी खोटं बोलायला हवं होतं का? भांडायला विचारत नाही, मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

दाखला देईन. फक्त पुन्हा एकदा मोजून देईन.

आणखी एक. आई म्हणते तू दिवसाला तीस-पस्तीस तिकिटं करतेस. कसली तिकिटं?

बाबा


६ मार्च

चि. मुलीस,

सव्वीस वर्षांच्या बाईला शेपटी म्हणायचं नाही असा घरात हुकूम निघाला आहे. तू दुकानात माझ्यामागे मागे फिरायचीस म्हणून ते नाव पडलं होतं, त्यात कमीपणा नव्हता. असो. हुकूम तो हुकूम.

मोजायला म्हणून दुकानाच्या मागच्या खोलीतला तुझा जुना कॉम्प्युटर उघडला. पंखा घरघरत होता, काढला, पुसला, तेलाचा एक थेंब. आता आवाज नाही. फाइली मोजल्या, एकेचाळीस. इथपर्यंत माझं बरोबर.

मग तो प्रकार सापडला. लपलेल्या वस्तू दाखवण्याचं एक बटण असतं, ते मी आजवर दाबलं नव्हतं, कारण मला वाटायचं मला सगळं दिसतं. प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये आणखी एक फोल्डर आहे. त्यात पहिल्या दिवसापासूनच्या प्रत्येक बदलाची नोंद आहे: कोणत्या तारखेला, किती वाजता, कुणी, कोणती ओळ बदलली, आणि का. सहाशे बारा नोंदी. पहिली सहा वर्षांपूर्वीची.

माझी पद्धत तुला माहीत आहे. बदल केला की सगळं फोल्डर नव्या नावाने ठेवायचं. "अंतिम". "अंतिम दोन". "हाच चालवा". "हाच चालवा नवीन". अशी माझ्याकडे सत्तावीस फोल्डर आहेत आणि कोणतं कधीचं हे मी ओळखू शकतो. बहुतेक.

आणि तू गुपचूप वही ठेवत होतीस. सहाशे बारापैकी दोनशे अडतीस नोंदी माझ्या नावावर आहेत! माझ्या नावाचं खातं उघडलंस आणि मला पत्ता नाही. मी पेनड्राइव्हवर फाइल आणून द्यायचो, "टाक त्यात" म्हणायचो. तू टाकायचीस, आणि कुणाची ते लिहून ठेवायचीस. तीन दिवस वाचतो आहे. काही उतरवून पाठवतो, तुला आठवणार नाहीत:

"बाबांनी वजन वाचण्याचा वेग दुप्पट केला. कारण विचारलं. म्हणाले, बघशील."

चार दिवसांनी: "वेग पुन्हा होता तेवढा केला. बघितलं."

"पावतीवर तारीख उलटी येते. बाबा म्हणतात गिऱ्हाइकाला चालतं. गिऱ्हाइकाला विचारलं. चालत नाही."

हे वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. शेजारचा शिंपी डोकावला, म्हणाला, "काय मास्तर, लॉटरी लागली का?"

पण मला एक कोडं पडलं आहे. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी बघणार नव्हतं, मीसुद्धा नाही. मग हे सगळं कशासाठी? आणि माझं नाव कशासाठी? सगळ्यावर तुझंच टाकलं असतंस तर मला कळणारही नव्हतं.

त्या फोनबद्दल एक तपशील मागच्या पत्रात राहिला. फोन एकदा नाही, दोनदा झाला. पहिल्यांदा दुकानात गिऱ्हाईक होतं, घाईत बोललो. दुसऱ्यांदा सविस्तर. तपशील म्हणून लिहितो.

बाबा


११ मार्च

चि. मुलीस,

फाइली मोजणं हीच मुळात चूक होती. एक फाइल अकरा ओळींची, दुसरी नऊशेची. काटे दुरुस्त करणाऱ्या माणसाने पोती मोजून वजन सांगावं तसं झालं. आयुष्यभर लोकांना याच चुकीवरून बोल लावले.

तर ओळी मोजायला घेतल्या. तुझ्या त्या वहीला एक आज्ञा दिली की ती प्रत्येक ओळीसमोर ती लिहिणाऱ्याचं नाव मांडते. ही आज्ञा शोधायला मला दीड दिवस लागला, चालवायला दोन सेकंद. एकूण ओळी सहा हजार आठशे त्रेचाळीस. तुझ्या चार हजार एकशे सहा. माझ्या दोन हजार सातशे सदतीस.

माझा विश्वास बसला नाही. काटा असा आकडा दाखवायला लागला तर मी आधी काटा तपासतो. एक वेगळं फोल्डर केलं, त्यात माझ्या दहा ओळी लिहिल्या, मग तुझ्या नावाने आत गेलो आणि एका ओळीच्या आधी फक्त चार जागा मोकळ्या सोडल्या. एक अक्षर बदललं नाही. लगेच ती ओळ तुझी! म्हणजे ही आज्ञा शेवटी हात लावेल त्याचं नाव सांगते. सापडली चोरी, म्हटलं. तुला ओळी एका रेषेत लावायची सवय होती, माझ्या कितीतरी ओळी तू नुसत्या सरकवल्या असणार. त्या वेगळ्या काढायची पण एक खूण आहे, ती लावली. तीनशे अठ्ठ्याऐंशी ओळी माझ्याकडे परत आल्या.

तरी तुझ्या तीन हजार सातशे अठरा. माझ्या तीन हजार एकशे पंचवीस.

तीनदा मोजलं.

मग मी स्वतःला म्हटलं, ओळी जास्त असतील, पण मर्म कुणाचं? म्हणून काल नदीपलीकडच्या काट्यावर गेलो. तिथला कारकून आठवतो ना, जाड चष्म्याचा, ज्याला तू भिंगकाका म्हणायचीस. तोच आहे अजून, चष्मा आणखी जाड. मी विचारलं, "या प्रोग्राममधलं काय काढून घेतलं तर तुमचं अडेल?"

"ते 'थांबा'," तो म्हणाला. पडद्यावर लाल अक्षरात 'थांबा' येतं आणि वजन स्थिर झालं की हिरवं होतं, ते. "पूर्वी ट्रक चढला की आकडा नाचायचा. तुमचं म्हणणं, सलग तीन आकडे सारखे आले पाहिजेत. ड्रायव्हर इंजिन बंद करीना, आकडे सारखे येईनात, मागे भोंगे. शेवटी मी देवाचं नाव घेऊन बटण दाबायचो."

"म्हणून तर मी ती अट बदलली," मी म्हटलं.

"तुम्ही? मास्तर, इथे दोन दिवस बसून वहीत आकडे उतरवत कोण होतं? माझी खुर्ची दिली होती मी पोरीला. कंबर मोडली माझी स्टुलावर. तुम्ही तर फोन करून तिच्यामागे लागला होतात, अजून किती वेळ म्हणून."

घरी येऊन नोंद शोधली. क्रमांक तीनशे एकोणचाळीस. "काट्यावर दोन दिवस बसले. एकशे सहा ट्रक. इंजिन चालू असेल तर सलग तीन आकडे सारखे कधीच येत नाहीत. आता चार सेकंदांतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा यांत वीस किलोच्या आत फरक असेल तर स्थिर." नाव तुझं.

गेली चार वर्षं मी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ही युक्ती समजावून सांगतो, "मला असं सुचलं" म्हणून. मी खोटं बोलत नव्हतो. मला ती सुचताना आठवते. दुकानातल्या टेबलाशी बसलो होतो, हातात पेचकस होता, तेही आठवतं. जे झालंच नाही ते माणसाला पेचकसासकट कसं आठवतं? तुझ्या त्या कामात असं काही होतं का, की यंत्रही न घडलेलं सांगतं?

भिंगकाकाने निरोप दिला आहे: "पोरीला म्हणावं, बाबांनी मधे काही बदललं नाही ना तेवढं बघून जा."

बाबा


१५ मार्च

चि. मुलीस,

आईने कपाटातून तुझ्या त्या वेळच्या अर्जाची प्रत काढून दिली. दोन वर्षं कपड्यांच्या घडीखाली होती. डाव्या बाजूची अक्षरं अर्धी कापली गेली आहेत, तो प्रिंटर मी दुरुस्त केलेला होता, त्याबद्दल बोलत नाही.

त्यात तू लिहिलं आहेस: "वजनकाट्याचा प्रोग्राम. वडिलांबरोबर बनवला. काट्याकडून आकडा घेण्याचं काम पूर्ण त्यांचं. वजन स्थिर आहे का ते ठरवणं, नोंदी, पावत्या, आणि चुकलेली नोंद न खोडता कारण लिहून रद्द करण्याची सोय, हे माझं. साधारण निम्मं निम्मं."

तीन हजार सातशे अठरा भागिले सहा हजार आठशे त्रेचाळीस, म्हणजे चोपन्न टक्क्यांच्या थोडं वर. चुकीचं कुणी लिहिलं असेल तर तू, तेही स्वतःच्या नुकसानीचं, चार टक्के.

हा कागद मी तेव्हा बघितला नव्हता. मागितलाच नव्हता. मला वाटलं होतं तू सगळा प्रोग्राम तुझा म्हणून सांगितलास. का वाटलं ते सांगतो. पहिला फोन आला तेव्हा तो माणूस म्हणाला, "तुमच्या मुलीने बनवलेल्या प्रोग्रामबद्दल विचारायचं होतं." समोर गिऱ्हाईक उभं. मी म्हटलं, "हो हो, दोघांनी मिळून केलाय," आणि ठेवला. तुझं काम तिथेच झालं होतं. पण ते "तुमच्या मुलीने बनवलेल्या" माझ्या कानातून जाईना. जेवताना, झोपताना, सकाळी दाढी करताना.

दुसरा फोन त्यांनी केला नाही. मी केला.

"साहेब, काल बोललो त्यात एक दुरुस्ती आहे."

"बोला काका."

"प्रोग्राम माझा आहे. मुलीने एकेचाळीसपैकी नऊ फाइली केल्या. कारकुनी स्वरूपाच्या."

"कारकुनी म्हणजे?"

"नोंदी, पावत्या वगैरे."

"म्हणजे मुख्य भाग तिचा नाही?"

"मुख्य भाग माझा."

"काका, तुम्ही वडीलच ना तिचे?"

"वडील आहे म्हणूनच बरोबर आकडा सांगतोय."

"ठीक आहे. पुरे एवढं."

फोन ठेवून मी दुकान उघडलं. त्या दिवशी मला फार बरं वाटत होतं. हेही लिहिलंच पाहिजे.

नंतर तू दारात उभी राहून विचारलंस, "त्यांनी फोन केला आणि तुम्ही असं बोललात?" मी "हो" म्हटलं. त्या एका "हो"त मी माझा फोन लपवला. लोक रागावून घर सोडतात ते खऱ्या कारणासाठी तरी सोडतात; तू अर्ध्याच कारणासाठी सोडलंस, उरलेलं अर्धं मी ठेवून घेतलं होतं.

आईला हे काल सांगितलं. कालपासून ती माझ्याशी बोललेली नाही. बोलते ती पातेल्यांशी, मला ऐकू जाईल असं. "आपल्याच हाताने आपल्याच पोरीच्या पायावर धोंडा," असं आज सकाळी दुधाच्या पातेल्याला सांगत होती.

त्या कंपनीला आज मी दुरुस्तीचं पत्र टाकलं, सगळ्या आकड्यांसह. आता त्याचा उपयोग नाही हे कळतं मला. पण चुकलेली नोंद तशीच सोडायची नाही, कारण लिहून रद्द करायची, ही सोय मी चौदा काट्यांवर विकली आहे. कारणाच्या जागी काय लिहायचं यावर अर्धा तास गेला. शेवटी "मत्सर" लिहिलं. तुझ्या प्रोग्राममध्ये कारणाला तीसच अक्षरं मिळतात, तेवढ्यात बसलं.

बाबा


२० मार्च

चि. मुलीस,

तुझं पत्र काल आलं. अर्धंच पान, पण अक्षर तेच. मी ते चार वेळा वाचलं, आईने मला देण्याआधी किती वेळा वाचलं ते माहीत नाही. इथे उतरवतो, म्हणजे माझी उत्तरं कशाची आहेत ते तुला कळेल.

"बाबा, तिकीट म्हणजे तक्रारीचा नंबर. तक्रार सुटली की तिकीट बंद. नोंदी ठेवल्या कारण तुमच्या 'हाच चालवा नवीन'ने एकदा तुमचंच तीन दिवसांचं काम पुसलं होतं. तुम्हाला कळलं नाही. मी आठवून परत लिहिलं. तुमचं नाव टाकलं कारण ते तुमचं होतं. दुसरा फोन कुणी केला? दाखला ३१ च्या आत पोचू दे."

दुसऱ्या फोनचं उत्तर पंधरा तारखेच्या पत्रात आहे. तुझं पत्र आणि माझं पत्र वाटेत एकमेकांना ओलांडून गेली असणार. आतापर्यंत वाचलं असशील. त्यावर तुला काय लिहायचं ते तू लिही, किंवा लिहू नकोस.

तीन दिवसांचं काम म्हणजे नक्की कोणतं ते शोधलं. नोंद क्रमांक एक, "बाबांचं पुसलेलं परत". पंच्याण्णव ओळी. विचार माझा, टायपिंग तुझं, आठवण तुझी. या कुणाच्या धरायच्या? काल रात्रभर यावर डोकं चालवलं. तू माझ्या नावावर टाकल्यास, मी तशाच ठेवतो. काथ्याकूट करत बसलो तर मे उजाडेल.

एकच तक्रार सुटायला जास्तीत जास्त किती दिवस लागले आहेत तुझ्याकडे? आणि ज्याची तक्रार असते तोच दोषी निघाला तर तुम्ही त्याला कसं सांगता? तोंडावर, की घुमवून? हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे. तू दिवसाला तीस-पस्तीस माणसांशी असं बोलतेस म्हणजे तुझी काहीतरी पद्धत असणार. मला दिवसाला पाच गिऱ्हाइकं आली तरी त्यातल्या दोघांशी वाद होतो.

दाखला लिहून तयार आहे. तिसरा मसुदा. यावर तुझ्या आईने "पंचनामा" म्हटलं नाही, नुसती मान हलवली, खालीवर. फक्त सही राहिली आहे. का राहिली ते आज लिहीत नाही. आई पातेल्याला म्हणते, "सुंभ जळला तरी..." आणि पुढचं बोलत नाही. पीळ नाही. पंचवीसला टाकलं तर तीसला पोचतं, हिशोब पक्का केला आहे.

बाबा


२५ मार्च

चि. मुलीस,

सोबत दाखल्याच्या दोन प्रती, दोन्हींवर सही आणि दुकानाचा शिक्का. एक बाईंना दे, एक जवळ ठेव. पाकीट जाड झालं म्हणून बंद करण्याआधी पोस्टातल्या बाईंकडून वजन करून आणलं, त्यांचा काटा चार ग्रॅम जास्त दाखवतो, त्यांना सांगून आलो. दाखल्यात हे आहे:

"ट्रकचं वजन घेऊन पावती देणारा हा प्रोग्राम माझ्या मुलीने आणि मी मिळून बनवला. एकूण ओळी ६,८४३. तिच्या ३,७१८. माझ्या ३,१२५. मोजण्याची रीत जोडली आहे, कुणीही पडताळून पाहावी. वजन स्थिर झाल्याचं ठरवण्याची रीत संपूर्ण तिची. ती तिने काट्यावर दोन दिवस बसून एकशे सहा ट्रक पाहून ठरवली, आणि प्रोग्राम चौदा ठिकाणी चालतो तो मुख्यतः त्यामुळे. सर्व बदलांची नोंदवही तिने कुणी न सांगता ठेवली. तीत दुसऱ्याचं काम दुसऱ्याच्या नावावर लिहिलं आहे. दोन वर्षांपूर्वी मी तिच्या कामाबद्दल एका कंपनीला फोनवर दिलेली माहिती चुकीची होती. ती मी लेखी रद्द केली आहे."

शेवटची दोन वाक्यं तुला अडचणीची वाटली तर सांग, त्यांच्याशिवाय दुसरी प्रत पाठवतो. पण मला ती असायला हवीत असं वाटतं. तुझ्या बाईंनी कुठे चौकशी केलीच तर त्यांना तिथे काय ऐकू येईल ते आधी माझ्याकडूनच कळलेलं बरं.

आता सहीचं. काटे बनवणाऱ्या एका कंपनीची दोन माणसं एकोणीस तारखेला दुकानात आली होती. एकाकडे बॅग, दुसरा नुसता हसायचा. त्यांना प्रोग्राम विकत हवा होता, गिऱ्हाइकांसकट. कराराच्या तिसऱ्या पानावर एक कलम होतं: प्रोग्राम विकणाऱ्याने एकट्याने बनवला आहे, त्यात दुसऱ्या कुणाचाही हात नाही. मी म्हटलं, इथे दोन नावं घाला.

हसणारा म्हणाला, "मुलगीच ना? घरातलीच की."

"घरातलीच. पण ओळी तिच्या आहेत."

बॅगवाल्याने समजावलं. तू दुसऱ्या कंपनीत नोकरीला, उद्या ती कंपनी म्हणेल आमच्या माणसाचं काम आहे, मग कोर्ट, मग वकील. त्यांना एकच नाव हवं, नाहीतर नको. "काका, तुम्ही फक्त सही करा. ओळी मोजायला कोण येतंय?"

"मी मोजल्यात," मी म्हटलं.

पाच दिवसांची मुदत देऊन गेले. या पाच दिवसांत मी विचारच केला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. केला. दाखला जरा मोघम लिहिला असता तर दोन्ही कागद शेजारी शेजारी सुखाने राहिले असते. "माझ्या मुलीची या कामी मोलाची मदत झाली." असा एक मसुदा मी केलाही होता, तो आईला दाखवलेला नाही. वाचायला बरा वाटतो. पण "मोलाची मदत" म्हणजे किती किलो, ते कुणाला सांगता येणार नाही, आणि तुझ्या त्या बाई एकदा वाचून बाजूला ठेवतील. मी स्वतः तसंच केलं असतं. तो मसुदा फाडला आणि दाखल्यावर सही केली. मग त्यांना फोन लावला.

आता तुझ्या बाजूला काय होतं ते तुझ्या हातात आणि त्या बाईंच्या. जागा मिळाली तर कोणत्या भाषेत लिहायला देतात ते कळव, त्याचं पुस्तक मिळतं का बघतो. या वेळी पहिल्या पानापासून. नाही मिळाली तर तेही कळव. भिंगकाकाच्या काट्यावर चार सेकंदांच्या जागी पाच केले तर काय होतं हे मला बघायचं होतं, पण ती ओळ तुझी आहे, म्हणून हात लावलेला नाही. विचारतो आहे.

आईने त्या माणसांना गाडीतून उतरताना पाहिलं होतं. आज सकाळपासून ती माझ्याशी बोलायला लागली आहे, आणि पहिलाच प्रश्न हा की ते किती देत होते. तिला अजून सांगितलेलं नाही. तुला नेमकं सांगतो: चौदा काट्यांसकट सगळा प्रोग्राम, बनवणारा म्हणून एकट्या माझं नाव, वर दोन वर्षं त्यांच्याकडे देखरेखीचं काम, त्याचा पगार वेगळा. प्रोग्रामचे एकरकमी साडेअकरा लाख. मी नाही म्हटलं.

बाबा